‘शॉर्ट सर्किट’ म्हणून बातमी संपवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आगीची बातमी वाचायला घेतली की तिचं शेवटचं वाक्य मला आधीच माहीत असतं : ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ते पुन्हा वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले.

मी २४ वर्षं इलेक्ट्रिकल पॅनेल तपासण्याचं काम करते. कारखाना असो, इस्पितळ असो, उंच इमारत असो की पंपिंग स्टेशन, आत आलेली वीज आधी एका लोखंडी कपाटात जाते आणि तिथून वाटली जाते. त्या कपाटात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही बसबार म्हणतो. त्यांना ब्रेकर जोडलेले असतात, ब्रेकरना केबल. हे कपाट कारखान्यातून बाहेर पडण्याआधी शेवटचा हात माझा लागतो आणि टेस्ट रिपोर्टवर सही माझी असते. म्हणून ते वाक्य माझ्या कामाबद्दल आहे असं मला दर वेळी वाटतं, आणि ते अपुरं आहे हेही.

शॉर्ट सर्किट झालं म्हणजे काय झालं? एकमेकांपासून लांब राहायला हवेत असे दोन वाहक एकत्र आले, किंवा त्यांच्यामधल्या हवेतून वीज गेली. ते का झालं, हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही. ‘हृदय बंद पडल्यामुळे मृत्यू’ असं लिहिण्यासारखं आहे हे. खरं असतं, पण त्यातून काहीच कळत नाही. आणि तोटा असा, की ते वाचून माणसं गप्प बसतात. वीज पडली, दरड कोसळली, तसं शॉर्ट सर्किट झालं. कुणाच्या हातात काही नव्हतं म्हणे! माझा अनुभव उलट आहे. दोन वाहकांमधलं अंतर कुणीतरी ठरवलेलं असतं आणि पुढे कुणीतरी ते खाल्लेलं असतं. कुठे, कधी आणि कशाने, हे बहुतेक वेळा शोधता येतं.

एक प्रसंग सांगते. त्या पॅनेलवर माझी सही होती.

४०० व्होल्टचं साधं वाटप पॅनेल होतं. त्यातल्या एका ६३० अँपिअरच्या ब्रेकरबद्दल सांगायचंय. त्याच्या तीन फेजच्या (विजेच्या तीन वेगळ्या वाहकांच्या) टर्मिनलांमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, ४५ मिलिमीटरचं अंतर होतं. एवढ्या जवळ जाड केबल नीट बसत नाहीत म्हणून आमच्या ड्रॉइंगमध्ये स्प्रेडर दाखवले होते. स्प्रेडर म्हणजे टर्मिनलला जोडायच्या बाहेर फाकलेल्या पट्ट्या. त्यांनी तेच अंतर ७० मिलिमीटर होतं. शिवाय दोन फेजच्या मध्ये उभे घालायचे प्लास्टिकचे पातळ पडदे, फेज बॅरियर, ब्रेकरच्या खोक्यातच येतात. स्प्रेडर आम्ही बसवून पाठवले. बॅरियर मात्र केबल जोडताना आडवे येतात म्हणून पारदर्शक पाकिटात घालून ब्रेकरच्या हँडलला बांधून दिले. तेव्हा सगळेच तसं करायचे.

साइटवर लोड वाढला आणि ठरल्यापेक्षा जाड केबल आली. आता स्प्रेडर लावून ती वळेना, खाली जागा पुरेना. जोडणाऱ्याने स्प्रेडर काढले आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेले धातूचे जोड, थेट ब्रेकरच्या टर्मिनलवर आवळले. लगचा चपटा भाग ३८ मिलिमीटर रुंद होता. ४५ मधून ३८ गेले, उरले ७. तेही लग अगदी सरळ बसले असतील तर. केबलला खाली क्लॅम्प नव्हता. तिचं सगळं वजन लगला लोंबत होतं, त्यामुळे मधला लग थोडा फिरला. नंतर मी मोजलं तेव्हा न जळलेल्या बाजूच्या दोन लगांच्या कोपऱ्यांमध्ये ४ मिलिमीटर होते. माझ्या करंगळीचं नखही त्यापेक्षा रुंद आहे.

पाच महिने ते चाललं. मग एका संध्याकाळी ब्रेकरमधून गुणगुणल्यासारखा आवाज येतोय म्हणून तिथल्या इलेक्ट्रिशियनने दार उघडलं. पुढचं त्याच्या तोंडून ऐकलंय मी. त्याला आवाज आठवत नाही, फक्त पांढरं आठवतं. दोन्ही हात आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली. तो वाचला. उजव्या हाताची मूठ मात्र अजून पूर्ण मिटत नाही.

तपासाला गेले तेव्हा केबलच्या कप्प्यात, तळाशी, काजळीत ते पाकीट सापडलं. हँडलवरून सोडून कुणीतरी खाली टाकलेलं. पाकिटाचं तोंड आमच्याच टायने बांधलेलं होतं, तसंच. आत चारही बॅरियर कोरे करकरीत. एका दैनिकात चार ओळींची बातमी आली होती : शॉर्ट सर्किट होऊन कामगार जखमी.

आता कुणी विचारेल, पॅनेल टेस्ट झालं होतं ना? झालं होतं. मेगर, म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं आहे त्याचं माप, उत्तम होता, हाय व्होल्टेज टेस्ट पास होती, रिपोर्टमधला प्रत्येक आकडा खरा होता. बाहेरच्या लोकांना हे कुणी सांगत नाही म्हणून इथे जरा थांबते.

या प्रकारच्या पॅनेलसाठी आयईसी ६१४३९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ३०० ते ६९० व्होल्ट इन्सुलेशनच्या पॅनेलला त्यानुसार १८९० व्होल्ट एसी लावून पाहतात. प्रत्येक तयार पॅनेलवर ही टेस्ट फक्त १ सेकंदाची असते. आकडा मोठा वाटतो, पण हवा तशी दणकट असते. सपाट, समांतर पृष्ठभागांमध्ये १ मिलिमीटर हवा सुमारे ३ हजार व्होल्ट पेलते. टोकदार कडा असल्या की खूप कमी, तरीही ३-४ मिलिमीटरच्या स्वच्छ फटीला १८९० व्होल्टचं काहीच वाटत नाही. म्हणजे लग फिरलेल्या अवस्थेत ते पॅनेल मी पुन्हा टेस्टला लावलं असतं, तरी ते पास झालं असतं! ही टेस्ट निसटलेली वायर, फाटलेलं इन्सुलेशन, आत राहिलेला वॉशर पकडते. कमी पडलेलं अंतर ती पकडेलच असं नाही. अंतर मोजावंच लागतं.

मग ४०० व्होल्टला एवढं अंतर हवं तरी कशाला? कारण अंतर ४०० व्होल्टसाठी ठरवलेलंच नसतं. लाइनवर वीज कडाडते, मोठे लोड चालू-बंद होतात, तेव्हा सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजावा लागेल इतका छोटा, पण हजारो व्होल्टचा धक्का आत येतो. पॅनेल कुठे बसणार त्यावरून तो धक्का गृहीत धरतात. २३०/४०० व्होल्टच्या पुरवठ्यात अगदी तोंडाशी बसणाऱ्या उपकरणासाठी ६ हजार व्होल्ट, त्याच्या आतल्या वाटपात ४ हजार. मानकाच्या तक्त्यात ४ हजारांना किमान ३ मिलिमीटर, ६ हजारांना ५.५, ८ हजारांना ८ आणि १२ हजारांना १४ मिलिमीटर हवेतलं अंतर दिलंय. आमची पॅनेल ८ हजारांसाठी जाहीर केलेली असतात, म्हणून आमचा तळ ८ मिलिमीटर. धक्क्याची प्रत्यक्ष टेस्ट न करता फक्त मोजून डिझाइन पास करायचं असेल, तर त्याच्या दीडपट, म्हणजे १२ मिलिमीटर दाखवावे लागतात. हे आकडे समुद्रसपाटीपासून २ हजार मीटर उंचीपर्यंतचे. वर हवा विरळ, तिची ताकद कमी. ४ हजार मीटरवर हेच अंतर १.२९ पट करावं लागतं.

८ मिलिमीटर हा तळ आहे, हे पुन्हा सांगते. किंमत कमी करायच्या दबावाखाली डिझाइनवाले या आकड्याला लक्ष्य समजू लागलेत आणि ते बघून मला भीती वाटते. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते दोन फेजमध्ये २५ आणि फेज ते बॉडी (कपाटाचा पत्रा) २० मिलिमीटर ठेवायला लावायचे, आणि तक्ता दाखवून वाद घालणाऱ्याला म्हणायचे, ‘तक्ता बोल्ट आवळायला येत नाही.’ अंतर ड्रॉइंगमध्ये असतं तेवढं पॅनेलमध्ये कधीच राहत नाही. पट्टीला भोक अर्धा मिलिमीटर सरकून पडतं, पत्रा वाकतो, लग तिरका बसतो. सगळ्यांत जास्त अंतर खातो तो बोल्ट. नट आवळल्यावर दोन-तीन आटे बाहेर दिसले की पुरे. पण योग्य लांबीचा बोल्ट हाताशी नसतो, म्हणून जवळचा लांब बोल्ट घातला जातो आणि १५ मिलिमीटर टोक शेजारच्या फेजकडे रोखलेलं राहतं. ड्रॉइंगमध्ये पट्टी ते पट्टी २५ आहेत, तिथे खरं अंतर १० उरतं. मोजायचं ते उघड्या धातूपासून उघड्या धातूपर्यंतचं सगळ्यांत कमी अंतर. मध्यापासून मध्यापर्यंतचं मोजून काही उपयोग नाही.

माझ्याकडे फायबरच्या चार पट्ट्या आहेत : ८, १४, २० आणि २५ मिलिमीटर जाडीच्या. दोरीत ओवून गळ्यात घालते. पॅनेल बंद असताना, वीज नाही याची टेस्टरने खात्री करून, प्रत्येक जोडावर ही पट्टी दोन वाहकांच्या मधून सरकवायची. सहज गेली तर ठीक. अडली तर स्पॅनर घ्यायचा. टेप किंवा व्हर्निअर आत शिरत नाही अशा कोपऱ्यांत ही पट्टी शिरते, आणि मुख्य म्हणजे आकडा वाचायला लागत नाही, त्यामुळे ‘जवळजवळ ८ आहे’ असं कुणी म्हणू शकत नाही.

‘बसबारवर स्लीव्ह आहे ना, मग?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. स्लीव्ह म्हणजे बसबारवर चढवलेली प्लास्टिकची नळी. लाल, पिवळी, निळी स्लीव्ह छान दिसते, मदतही करते. पण ती नेमकी जोडापाशी संपते, आणि अंतर कमी होतं तेही नेमकं जोडापाशीच. नुसता रंग किंवा व्हार्निश दिलं असेल तर मानक त्याला विजेपासूनचं संरक्षण धरतच नाही.

हवेतल्या अंतराला आम्ही क्लिअरन्स म्हणतो. दुसरं एक अंतर असतं, क्रीपेज. बसबार ज्या सपोर्टवर बसतात त्याच्या पृष्ठभागावरून मुंगी एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत चालत गेली, तर तिला जेवढं चालावं लागेल तेवढं. हे अंतर धक्क्यावर नाही, रोजच्या व्होल्टेजवर आणि धुळीवर ठरतं. कारखान्यातल्या साधारण धुळीत, साध्या प्रतीच्या मटेरियलवर, ४०० व्होल्टला ६.३ मिलिमीटर लागतात, ६३० ला १०, १ हजारला १६. मटेरियलची प्रत ठरवायला त्यावर अमोनियम क्लोराइडच्या पाण्याचे ५० थेंब एकामागून एक सोडतात आणि किती व्होल्टपर्यंत विजेची वाट तयार होत नाही ते बघतात. ६०० व्होल्टपर्यंत टिकलं तर पहिली प्रत. सपोर्टला खाचा असतात त्या मुंगीची वाट लांबवण्यासाठी. पण कारखान्यातल्या धुळीत दीड मिलिमीटरपेक्षा अरुंद खाच हिशेबात धरतच नाहीत, कारण ती धुळीने भरून जाते.

असा एक सपोर्ट मी टेबलावर ठेवलाय. तांबड्या रंगाचा आहे. त्यावर एका भोकापासून दुसऱ्या भोकाकडे झाडाच्या मुळांसारख्या काळ्या रेघा गेल्या आहेत, बारीक होत होत. नखाने खरवडल्या तर निघत नाहीत. ओल आली की धुळीच्या थरातून किंचित वीज वाहते, थर मध्येच सुकतो, तिथे बारीक ठिणगी पडते, प्लास्टिक जळून कोळसा होतो, आणि कोळशातून वीज जाते. रोज थोडी थोडी. माझ्या टेबलावरच्या सपोर्टवर रेघा भेटायला ११ मिलिमीटर बाकी होते. देखभालीला आलेल्या एका मुलाने बॅटरीच्या उजेडात त्या पाहिल्या आणि शटडाउन मागितला. त्याच्या साहेबाने दिला. अशी बातमी कधी छापून येत नाही, कारण काही घडतच नाही.

ग्लँड प्लेटचं, म्हणजे केबल आत येते त्या पत्र्याचं, बुजवायचं राहून गेलेलं एखादं भोक, त्यातून शिरणारी पाल, आणि पॅनेलमधली ऊब. पालीची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कितीतरी जास्त असते, एवढं लिहिलं तरी पुरे.

एकदा ठिणगी पेटली की मधली हवा हवा राहत नाही, वीज वाहून नेणारा तप्त वायू होते. मग ४०० व्होल्टही पुरतात. तांबं १०८५ अंशांना वितळतं, आणि ही ज्वाळा त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. विजेच्याच चुंबकीय बलाने ती पुरवठ्यापासून दूर, पट्ट्यांवरून पळत जाते आणि पट्ट्या संपतात तिथे थांबून जाळत राहते. त्यातून जाणारा करंट पुरत्या शॉर्ट सर्किटपेक्षा कमी असतो, त्यामुळे चढं सेटिंग ठेवलेला ब्रेकर कधी कधी ओळखायला वेळ लावतो. त्या इलेक्ट्रिशियनच्या हातांना तेवढा वेळ पुरला.

अंतराचा आणखी एक हिशेब आहे, तो मी एका टेस्ट लॅबमध्ये डोळ्यांनी पाहिला. ५० हजार अँपिअरचं शॉर्ट सर्किट मुद्दाम घडवतात. सुरुवातीलाच, सेकंदाच्या शंभराव्या भागात, करंटचं शिखर १ लाख ५ हजारांपर्यंत जातं. शेजारच्या दोन पट्ट्या १०० मिलिमीटरवर असतील तर त्यांच्या मीटरभर लांबीवर साधारण २ टन बल येतं. अंतर निम्मं केलं की बल दुप्पट. काचेपलीकडे एकच धाड् असा आवाज झाला. दार उघडलं तेव्हा दोन सपोर्टच्या मधल्या पट्ट्या धनुष्यासारख्या वाकलेल्या होत्या. एका ठिकाणी माझी १४ ची पट्टी जाईना, जिथे सकाळी २५ ची गेली होती. ते डिझाइन नापास झालं, सपोर्ट वाढवले, पुन्हा टेस्ट झाली. ज्या पॅनेलने एकदा मोठं शॉर्ट सर्किट सोसलंय त्याचा ब्रेकर नुसता रिसेट करून ते चालू करू नये, ते यासाठी. आतलं अंतर बदललेलं असू शकतं.

त्या अपघातानंतर आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. बॅरियर आता बसवूनच जातात, पाकिटात नाही. केबल जोडणाऱ्याला ते काढून परत घालावे लागतात, त्याने कटकट केली तरी. आणि प्रत्येक केबल टर्मिनलचा तयार अवस्थेतला फोटो दाराच्या आतून चिकटवलेला असतो, फोटोवर अंतर लिहून. दार उघडणाऱ्याला पॅनेल आधी कसं होतं ते दिसावं. यासाठी वरिष्ठांशी मला पुष्कळ भांडावं लागलं. पण सही माझी असते.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणं एवढंच. पुढच्या वेळी ‘शॉर्ट सर्किट’ असं कुणी सांगितलं, की आपल्या वार्ताहराने आणखी एक-दोन प्रश्न विचारावेत. कुठे झालं : बसबारवर, ब्रेकरच्या टर्मिनलवर, की केबलच्या टोकाला? त्या पॅनेलमध्ये शेवटचा बदल कधी झाला, आणि त्यानंतर अंतर कुणी मोजलं का? उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर तेही छापावं. आणि तपासाचा अहवाल दोन-तीन महिन्यांनी येतो तेव्हा त्यालाही जागा द्यावी, आगीच्या बातमीला दिली होती तेवढीच. इमारतींच्या समित्यांवरचे लोक, कारखान्यांचे व्यवस्थापक आपला पेपर वाचतात. केबल बदलली, लोड वाढवला, नवा ब्रेकर बसवला, की जोडणाऱ्याकडून ‘फेजमधलं अंतर किती राहिलं?’ याचं लेखी उत्तर घ्यायचं असतं, हे त्यांना त्या बातमीतूनच कळू शकतं.

तो इलेक्ट्रिशियन आता स्टोअरला काम करतो. ब्रेकरचं नवं खोकं आलं की आधी बॅरियरचं पाकीट काढून मोजतो आणि माल घ्यायला आलेल्याच्या हातात ते वेगळं देतो, सही घेऊन.

आपली,
पॅनेल तपासणीत काम करणारी एक वाचक